३८ मिनिटं, आणि कंसात लिहिलेली एक ओळ

पत्र (जागेअभावी थोडं आवरून):

"नमस्कार ताई. आम्ही न्यू जर्सीत राहतो, मूळचे साताऱ्याचे. मुलगी पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, तिथल्या बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड आहे. डिव्हिजन थ्री. नोव्हेंबरात संघात तेरा मुली होत्या. एकीचा गुडघा गेला, दोघींचे घोटे, एकीने संघ सोडला, आता नऊ उरल्यात. त्यामुळे हिला दर सामन्यात ३६-३८ मिनिटं खेळावं लागतं. एकदा डबल ओव्हरटाइम झाला तेव्हा ५० पैकी ४८ मिनिटं कोर्टवर होती. शुक्रवारी सामना, शनिवारी पुन्हा सामना. नाताळात चार दिवस घरी आली तर नुसती झोपून होती. उठली की चिडचिड. जेवणावर मन नाही. दोन वर्षांपूर्वी मटण-मासे सोडले, आता सॅलडवर जगते. (पाळीही तीन महिने आलेली नाही, पण ती म्हणते सीझनमध्ये सगळ्यांचंच असं होतं.) पूर्वी सहज जाणारे तिचे शॉट आता रिंगच्या पुढच्या कडेला आपटून परत येतात, हे मलासुद्धा कळतं. हे म्हणतात, 'चार-चार वर्षं बेंचवर बसणाऱ्या मुली असतात. हिला खेळायला मिळतंय, खेळू दे.' सासूबाई व्हिडिओ कॉलवर तिला बघून रडल्या. मी कोचला ईमेल लिहून ठेवलाय, अजून पाठवला नाही. पाठवू का? की तिला खेळच सोड म्हणू? आपल्या घराण्यात कोणी खेळाडू नाही. आपल्या शरीराला हे झेपतं का, असंही मनात येतं." — एक आई

ताई, कोचला लिहिलेला ईमेल आहे तिथेच राहू द्या. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही कंसात टाकली आहे. आधी तिच्याविषयी बोलू.

तीन महिने पाळी आलेली नाही. "सीझनमध्ये सगळ्यांचंच असं होतं" हे वाक्य मी खेळाडू मुलींच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. मी स्वतःही ते म्हणायचे. बऱ्याच जणींचं असं होतं हे खरं, पण म्हणून ते चालवून घ्यायचं नसतं. रोज दोन-अडीच तास पळणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलीच्या पोटात लागेल तेवढं अन्न गेलं नाही, तर शरीर तंगीतल्या घरासारखं वागायला लागतं. जे आज थांबवलं तरी भागेल ते आधी थांबवतं. हृदय चालायला हवं, स्नायू चालायला हवेत, म्हणून पाळी बंद. मग हाडांची डागडुजी मागे पडते. सर्दी झाली की दोन-दोन आठवडे हटत नाही, दहा तास झोपूनही अंग जड राहतं, बारीकसारीक गोष्टीवरून रडू येतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या सगळ्याला मिळून रेड-एस (खेळात ऊर्जा कमी पडणं) असं नाव दिलं. हे नाव लिहून ठेवा. डॉक्टरकडे ते घेतलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

तिचं हेच झालंय असं मी इथे बसून छातीठोकपणे सांगणार नाही. पाळी थांबायला थायरॉइड असतं, पीसीओएस असतं, इतरही कारणं असतात. डॉक्टर गरोदरपणाची तपासणीही करायला सांगतील. ती प्रत्येक मुलीला सांगतात, त्यावरून घरात वादळ नको. रक्तात हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन आवर्जून बघायला सांगा. हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि लोहाचा साठा मात्र तळाला गेलेला असतो, असं पाळीच्या वयातल्या खेळाडू मुलींमध्ये फार वेळा सापडतं. त्यात मांसाहार सोडलेला असेल तर आणखीच. व्हिटॅमिन डी आणि थायरॉइडही त्याच वेळी होऊन जाऊ दे. हे येत्या आठवड्यात करा. सीझन संपेपर्यंत थांबू नका.

मी एवढी घाई का करते आहे ते सांगते. मी नागपूरची. विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धांना जायचे तेव्हा सिमेंटचे कोर्ट, सकाळी एक सामना, उन्हं उतरली की दुसरा. एका हिवाळ्यात माझी उजवी नडगी दुखायला लागली. पळून नडगी दुखतेच, आतल्या कडेने वरपासून खालपर्यंत ठणकते, ते मला माहीत होतं. हे दुखणं निराळं होतं. रुपयाच्या नाण्याएवढी एकच जागा, तिथे अंगठा टेकवला तरी डोळ्यांत पाणी यायचं. सहा आठवडे मी कोणाला बोलले नाही. रात्री खोलीवर मलम चोळायचे, सकाळी घट्ट पट्टी बांधून उतरायचे. आमच्या प्रशिक्षकांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, कारण मी बसले असते तर माझ्या जागी जी उतरली असती ती चांगली खेळत होती. शेवटी एका सामन्यात लेअप घेऊन खाली आले, पाय टेकला तो पुन्हा उचललाच नाही. एक्स-रेत हाडाला चीर निघाली. त्या वर्षभरात माझी पाळीही अशीच दोन-दोन महिने गायब होती. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असतो हे मला पुढे फिजिओथेरपी शिकताना वर्गात बसून कळलं, आणि मी वहीवरून डोळे वर करू शकले नाही.

म्हणून लेकीला फोनवर एवढं विचारा: कुठे असं दुखतं का, की एका बोटाने जागा दाखवता येईल? नडगीवर, पावलाच्या बाहेरच्या कडेला, कंबरेत? पसरट ठणका विश्रांतीने जातो. बोटाने दाखवता येणारं हाडाचं दुखणं तपासून घ्यावंच लागतं, आणि ते कळेपर्यंत खेळ बंद.

आता मिनिटांकडे येऊ. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, मुलींमध्ये २०१५-१६ पासून दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर. घड्याळ थांबून-थांबून चालतं, त्यामुळे प्रत्यक्षात दीड-दोन तास जातात. पण घड्याळ चालू असतं तेव्हा काय चाललेलं असतं बघा. ऑस्ट्रेलियातल्या पुरुष खेळाडूंवरचा एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला, त्यात एका सामन्यात एका खेळाडूची हालचाल हजाराच्या आसपास वेळा बदललेली मोजली. उभं राहणं, पळणं, बाजूला सरकणं, उडी, पुन्हा पळणं. दर दोन सेकंदांना काहीतरी नवीन. तुमची मुलगी पॉइंट गार्ड, म्हणजे हे सगळं करता करता दर वेळी चेंडू वर आणायचा, अंगावर येणारी मुलगी चुकवायची, चौघींना जागा सांगायच्या आणि परत धावत डिफेन्सला जायचं. डोकं आणि पाय एकदमच दमतात.

तरीही, नीट जेवलेलं, नीट झोपलेलं विशीतलं शरीर ३८ मिनिटं पेलतं. मुलंमुली याचे दाखले अभिमानाने देतात आणि ते खोटे नसतात. १२ मार्च २००९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सिरॅक्यूस आणि कनेक्टिकट या विद्यापीठांचा सामना बरोबरी सुटेना म्हणून सहा ओव्हरटाइमपर्यंत लांबला. सिरॅक्यूसचा पॉइंट गार्ड जॉनी फ्लिन ७० पैकी ६७ मिनिटं कोर्टवर होता. सामना संपला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. दुसऱ्या दिवशी वेस्ट व्हर्जिनियाशी पुन्हा ओव्हरटाइम, त्यात हा पठ्ठ्या ४५ मिनिटं. तिसऱ्या दिवशी लुईव्हिलविरुद्धचा अंतिम सामना मात्र सिरॅक्यूस हरलं. आजही लोक ती रात्र आठवतात, आणि आठवावी अशीच ती आहे. पण ती एका स्पर्धेतली चार दिवसांची गोष्ट होती. तुमच्या लेकीचं हे नोव्हेंबरपासून चाललंय, आठवड्याला दोन सामने, बसचे प्रवास, मधे परीक्षा, वर रिकामं पोट.

तेव्हा "किती मिनिटं खेळली" हा आकडा एकट्याने फारसं सांगत नाही. शनिवारी रात्रीच्या थकव्यातला सोमवारी सकाळी किती उरतो, हे विचारा. सोमवारी जिना चढताना मांड्या भरून येत असतील, मंगळवारच्या प्रॅक्टिसला ती आधीच रिती असेल, तर ती दर आठवड्याला थोडं उधार घेऊन खेळते आहे. तुम्ही शॉटविषयी जे लिहिलंत ते वाचून मला तुमचं फार कौतुक वाटलं. शॉटचा जोर पायांतून येतो. पाय संपले की हात तेवढाच वर जातो, चेंडू मात्र आखूड पडतो आणि रिंगच्या पुढच्या कडेला लागतो. कोच लोक हीच खूण बघतात. आणि यात एक फास आहे. शॉट पडत नाहीत म्हणून मुलगी सुट्टीच्या दिवशी एकटी जिममध्ये जाते, आणखी दोनशे शॉट मारते, आणि जे पाय बरे व्हायचे होते ते आणखी दमतात. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांची संघटना, तिच्या नियमाप्रमाणे सीझनमध्ये आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावीच लागते. डिव्हिजन वनमध्ये आठवड्याला वीस तासांची मर्यादा असते, ती थ्रीमध्ये नाही, म्हणून हा एक दिवस फार मोलाचा. त्या दिवशी ती काय करते ते विचारून बघा.

कोचशी कोण बोलणार? तीच बोलणार. पण पहिल्यांदा कोचशी नाही, संघाच्या अॅथलेटिक ट्रेनरशी. आपल्याकडे ट्रेनर म्हटलं की जिममधला वजनं उचलायला लावणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत अॅथलेटिक ट्रेनर हा आरोग्यक्षेत्रातला रीतसर शिकलेला माणूस असतो, सामन्याआधी घोटे बांधतो तोच. दुखापतग्रस्त खेळाडूला थांबवायचं की सोडायचं हा निर्णय त्याचा आणि संघाच्या डॉक्टरांचा. मुलगी सज्ञान आहे, त्यामुळे तुम्ही फोन केलात तरी तिच्या संमतीशिवाय तिथलं कोणी तुम्हाला काही सांगणार नाही. त्यांचा राग मानू नका.

ट्रेनरकडे जाताना तिने हात हलवत जाऊ नये. दोन आठवडे एक साधी नोंद ठेवायची. प्रॅक्टिस किंवा सामना संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचं: शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे जीव गेला, तर आज किती? तो आकडा गुणिले मिनिटं. नव्वद मिनिटांची प्रॅक्टिस सातची वाटली तर ६३०. कार्ल फॉस्टर या अमेरिकन संशोधकाने ही पद्धत रुळवली, जगभरातले संघ वापरतात, आणि तिला कागद-पेनापलीकडे काही लागत नाही. शेजारी झोपेचे तास आणि "सकाळी पाय कसे" एवढे दोन शब्द. "मी दमते" असं म्हणायला लाजणाऱ्या मुलीला हा कागद पुढे करणं सोपं जातं.

मग कोच. "माझी मिनिटं कमी करा" असं म्हणायला तिची जीभ उचलणार नाही आणि नऊ जणींच्या संघात कोचही हो म्हणू शकणार नाही. मागायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटच्या दीड मिनिटात तिला बाहेर काढा. घड्याळातलं दीडच मिनिट जातं, पण पुढचा क्वार्टर सुरू होईपर्यंत तिला सलग चार-पाच मिनिटं बसायला मिळतं, नाडी खाली येते. दर वेळी चेंडू तिनेच वर आणायचा असं ठेवू नका, दोन फेऱ्यांतून एकदा दुसऱ्या गार्डने आणावा. शनिवारच्या सामन्यात पूर्ण कोर्टभर अंगावर जाऊन डिफेन्स करण्याऐवजी झोन लावा, म्हणजे प्रत्येकीने आपापला भाग सांभाळायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आठवड्यातली प्रॅक्टिस. सामन्यातली मिनिटं कमी होणार नसतील तर प्रॅक्टिसमधली होऊ शकतात. ३८ मिनिटं खेळलेल्या मुलीला रविवार-सोमवारी पाचास पाच खेळवण्यात काही अर्थ नाही. तिने डावपेच चालत-चालत बघावेत, फ्री थ्रो मारावेत, लवकर घरी जावं. मी कॉलेजच्या संघांबरोबर काम करते तेव्हा बहुतेक कोचना हेच पटतं, कारण त्यांनाही ती मुलगी फेब्रुवारीच्या शेवटी उभी असायला हवी असते.

डीन स्मिथ यांच्याबद्दल तिला सांगा. १९६१ ते १९९७ नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे कोच, ८७९ विजय. त्यांच्या संघात एक पद्धत होती. खेळाडू दमला की त्याने मूठ वर करून बेंचला दाखवायची, त्याला लगेच बाहेर घ्यायचं. आणि स्वतः मूठ दाखवून बाहेर आलेल्याला दम खाऊन झाला की स्वतःच सांगून परत आत जायची मुभा. पण मूठ न दाखवता तो रेटत राहिला आणि कोचच्याच लक्षात येऊन त्यांनी बाहेर काढलं, तर परत कधी उतरवायचं हे कोच ठरवणार. किती शहाणपणाची गोष्ट आहे ही! दमलो असं सांगणाऱ्याची जागा जात नाही, लपवणाऱ्याची जाऊ शकते. नागपुरात मला हे कोणी सांगितलं असतं तर माझी नडगी वाचली असती. तुमच्या लेकीने कोचला एवढंच विचारावं, "आपण आपल्या संघात मूठ सुरू करू या का?" नऊही जणींसाठी. मग ती तिची एकटीची कुरकुर राहत नाही.

तुमच्या यजमानांनाही मी खोडून काढणार नाही. बेंचवर बसून चार-चार वर्षं टाळ्या वाजवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि गरज असलेली खेळाडू होण्यात जो आनंद असतो तो मी चाखला आहे. तो तिच्याकडून काढून घेऊ नका. "खेळच सोड" हे वाक्य तोंडातून निघालं तर ती पुढच्या वेळी दुखणंसुद्धा सांगणार नाही. फक्त त्यांना २०२४ चा मुलींचा एनसीएए अंतिम सामना दाखवा. आयोवाची केटलिन क्लार्क पूर्ण ४० मिनिटं खेळली, एकही मिनिट बसली नाही. पहिल्या क्वार्टरमध्ये तिचे १८ गुण, उरलेल्या तिन्ही क्वार्टरमध्ये मिळून १२. समोर साउथ कॅरोलिना. त्यांच्या बेंचवरून आलेल्या मुलींनी ३७ गुण केले, आयोवाच्या बेंचवरून शून्य. साउथ कॅरोलिना ८७–७५ ने जिंकलं. क्लार्कच्या अंगावर ताज्या दमाच्या मुली सोडल्या जात होत्या, हे व्हिडिओत दिसतं. एवढी मोठी खेळाडूसुद्धा चाळीस मिनिटं एकटीने ओढू शकत नाही, तर तुमच्या लेकीने तसं केलं पाहिजे असा हट्ट कशाला? आणि फीची काळजी मनात असेल तर तीही काढून टाका. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच. तिला जी मदत मिळते ती अभ्यासावर किंवा घरच्या उत्पन्नावर असणार. "आज मी दमले" म्हटल्याने त्यातला एक डॉलरही कमी होत नाही.

एका बाबतीत मात्र मूठबीठ काही नाही, सरळ थांबायचं. पळताना छातीत दुखलं, धडधड अनियमित वाटली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा कोर्टवर शुद्ध हरपली, तर तो थकवा समजायचा नाही. लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाचा खेळाडू हँक गॅदर्स १९८९ च्या डिसेंबरात सामन्यात कोसळला होता, तपासणीत हृदयाच्या ठोक्यांचा दोष निघाला. तो परत खेळू लागला, ४ मार्च १९९० ला सामन्यात पुन्हा कोसळला आणि त्यातच गेला. तेवीस वर्षांचा होता. तुमच्या पत्रात असं काही नाही, पण हे प्रत्येक आईला माहीत असावं.

आता तुमच्या हातात काय आहे? बरंच आहे. शुक्रवारचा बाहेरगावचा सामना संपवून बस रात्री साडेअकराला कॉलेजच्या दाराशी येते असं धरा. मेस आठलाच बंद झालेली. वाटेत कुठेतरी पिझ्झाचा एक तुकडा खाल्लेला, तोही नीट उतरला नाही कारण सामना हरला. ती खोलीवर जाते, अंघोळ करते, बिस्किटाचा पुडा उघडते आणि मोबाइल घेऊन पडते. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा सामना. ते साडेअकरा तुमचे आहेत. रवा खमंग भाजून, त्यात फोडणी, शेंगदाणे, वाळवलेला कढीपत्ता घालून कोरडं मिश्रण डब्यात भरून द्या. कपात घालायचं, गरम पाणी ओतायचं, दोन मिनिटं झाकायचं. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू. खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये दूध-दही तिने ठेवायचं, अंडी चालत असतील तर उकडून. सामना संपल्यावर तासाभरात पोटात काही गेलं की त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, म्हणून बसमधल्या बॅगेतसुद्धा दोन दशम्या आणि एक लाडू असू दे. सॅलड खायला हरकत नाही, पण त्याने पोट भरतं, भूक मरते आणि ऊर्जा मात्र मिळत नाही. त्याच्या शेजारी भात, डाळ, बटाटा, राजमा काहीतरी हवंच. वर लिंबू पिळायचं, चहा-कॉफी जेवणाबरोबर नको, म्हणजे डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागतं. पण फेरिटिन खरंच तळाला गेलं असेल तर लाडवांनी ते वर येणार नाही. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्याच घ्याव्या लागतात, आणि तपासणीआधी मनाने सुरू करायच्या नाहीत.

झोपेबद्दल तिला एक सांगण्यासारखी गोष्ट आहे, कारण या वयात आईचं ऐकत नाहीत पण शॉट पडतील म्हटलं की ऐकतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात तिथल्याच पुरुष बास्केटबॉल संघाच्या ११ खेळाडूंना पाच ते सात आठवडे रात्री दहा तास अंथरुणात राहायला लावलं. २०११ साली तो अभ्यास छापून आला. त्यांचं पळणं वेगवान झालं, आणि फ्री थ्रो व थ्री-पॉइंटर दोन्हींची अचूकता सुमारे नऊ टक्क्यांनी वाढली. जास्तीचा एकही शॉट न मारता. दहा तास तिला जमणार नाहीत, परीक्षेच्या दिवसांत तर नाहीच, पण साडेसहाचे आठ झाले तरी सुट्टीच्या दिवशीच्या दोनशे शॉटपेक्षा त्याचा उपयोग जास्त. नाताळात ती चार दिवस झोपली ते बरंच झालं. घरी आली की उठवू नका.

"आपल्या शरीराला झेपतं का" हा प्रश्न तिच्या कानांवर पडू देऊ नका. ज्या शरीराने अर्धपोटी तीन महिने ३८ मिनिटं ओढली, ते कच्चं नाही. सासूबाईंना सांगा की नात बहुतेक उपाशी आहे, आणि उपाशी नातवंडाचं काय करायचं हे त्यांना आपल्या दोघींहून चांगलं येतं. अळिवाच्या लाडवांचं प्रमाण त्यांनाच विचारा.

रविवारी फोन कराल तेव्हा गुण किती झाले ते विचारू नका, ते तुम्ही आधीच स्कोअरशीटवर पाहिलेलं असतं. "बसमधून उतरल्यावर काय खाल्लंस?" हे विचारा. मग, घाई न करता, पाळीचं. ती टाळेल. पुन्हा दोन दिवसांनी विचारा. डॉक्टरकडे तिच्याबरोबर जाता आलं तर जा, पण आत ती एकटीच बसेल असं म्हणाली तर बाहेर थांबा. रिपोर्ट आले की मला फेरिटिनचा आकडा आणि पाळीची तारीख कळवा, आणि संघात मूठ सुरू झाली का तेही.